मिरर-भांडारांचा कारभार

डेबियन हे लिनक्स-वितरण वापरणाऱ्या सांगलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने देवनागरीचा लोहित फॉन्ट आपल्या संगणकावर बसवावयाचे मनात आणले आणि तशी एका ओळीची आज्ञा दिली, म्हणजे काही क्षणांत तो फॉन्ट त्याच्या यंत्रात दाखल होतो. परंतु ती फाइल ज्या सर्व्हरवरून आली तो सर्व्हर डेबियनच्या मालकीचा असतोच असे नाही, किंबहुना बहुधा नसतोच. तो एखाद्या विद्यापीठाच्या संगणककेंद्रातला, एखाद्या इंटरनेट कंपनीच्या दालनातला, किंवा निव्वळ लोकोपकाराच्या बुद्धीने काही मंडळींनी चालविलेला असतो. तो चालविणाऱ्याचे नाव विद्यार्थ्याला ठाऊक नसते, उभयतांत कसलाही करारमदार झालेला नसतो, आणि तरीसुद्धा त्या अनोळखी यंत्राने दिलेली वस्तू तो आपल्या संगणकात सर्वाधिकारांनिशी, निःशंकपणे बसवून घेतो. या निःशंकतेच्या मुळाशी तीस वर्षांत हळूहळू घडत गेलेली एक विलक्षण व्यवस्था आहे. आणि वाहून आणणाऱ्यावर विश्वास न ठेवताही वाहून आणलेल्या वस्तूवर विश्वास ठेवता येतो, हे तिने ज्या रीतीने सिद्ध केले ती रीत सामान्य वाचकालाही समजून घेण्यासारखी आहे.

लिनक्सच्या जगात आज्ञावली सहसा एकेका उत्पादकाच्या दारी जाऊन आणावी लागत नाही. सहस्रावधी लेखकांनी लिहिलेल्या आज्ञावली एकत्र करून, त्या परस्परांशी जुळतात की नाही हे तपासून, त्यांची ठरावीक स्वरूपाची पॅकेजे बांधून ती एका भांडारात ठेवण्याचे काम वितरण चालविणारी संस्था करते. पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने १६ ऑगस्ट १९९३ रोजी ज्याची घोषणा केली ते डेबियन या वितरणांतील सर्वांत जुन्यांपैकी एक असून, १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजे होती आणि ती नऊ निरनिराळ्या जातींच्या प्रोसेसरांसाठी बांधलेली होती. एवढा ऐवज काही टेराबाइट जागा व्यापतो, त्यात दररोज भर पडते, आणि जगातल्या असंख्य यंत्रांना तो विनामूल्य पुरवावयाचा असतो. पगारी नोकरवर्ग नसलेल्या, स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणाऱ्या संस्थेला हे एका ठिकाणाहून करणे केवळ अशक्य. म्हणून त्या भांडाराच्या बरहुकूम नकला जगभर ठेवल्या जातात, आणि अशा प्रत्येक नकलेला मिरर म्हणतात.

ही पद्धत डेबियनने शोधून काढली असे मात्र नाही. इंटरनेटवर फाइली नेण्याआणण्याचा जो सर्वांत जुना जाबता, ज्याला एफटीपी म्हणतात, त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना लिहिला. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी. पुढे विद्यापीठांनी आपापल्या सर्व्हरांवर कोणालाही, नाव न विचारता, फाइली उतरवून घेण्याची मुभा देणारी दालने उघडली. लायनस टॉरव्हाल्ड्स याने सप्टेंबर १९९१ मध्ये आपल्या कर्नलची, म्हणजे लिनक्स-वितरणांच्या गाभ्यातल्या आज्ञावलीची, पहिली प्रत ठेवली ती फिनलंडच्या विद्यापीठ-जालाच्या, म्हणजे फूनेटच्या, अशाच एका सर्व्हरवर, आणि तिच्यासाठी जी निर्देशिका उघडली गेली तिला ‘लिनक्स’ हे नाव दिले ते त्या सर्व्हरची व्यवस्था पाहणाऱ्या आरी लेम्के याने. अटलांटिकपार जाणाऱ्या वाहिन्या त्या वेळी अरुंद आणि महाग होत्या. अमेरिकेतल्या शंभर जणांनी तीच फाइल शंभर वेळा फिनलंडहून ओढावी यापेक्षा एकाने ती एकदा आणून आपल्या आसपासच्यांना वाटावी, हा विवेक तेव्हाच्या जालनिवासी मंडळींत सार्वत्रिक होता. त्या विवेकानुसार थिओडोर त्सो याने एमआयटीतल्या आपल्या यंत्रावर त्या कर्नलची नक्कल ठेवली, आणि पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील सनसाइट हे संग्रहस्थळ लिनक्सचे मोठे पीठ बनले. मिररांची परंपरा अशी सौजन्यातून निघाली, आणि तंत्र कितीही बदलले तरी ते सौजन्य अद्याप आटलेले नाही, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

अंतराचा अडसर आजही संपलेला नाही, हे येथे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ रेषेतले अंतर साडेसहा हजार किलोमीटरांच्या घरात आहे, म्हणजे सांगावा जाऊन उत्तर परत येण्यास, मार्ग अगदी सरळ असता तरी, सुमारे पासष्ट मिलिसेकंद लागलेच असते. आणि समुद्राखालच्या केबली अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य असा वळसा घेत जात असल्यामुळे प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे मिलिसेकंद लागतात. हा काळ मनुष्याला जाणवणारही नाही. परंतु इंटरनेटवर मालाची ने-आण ज्या जाबत्याने होते त्या टीसीपीच्या नियमानुसार पाठविणाऱ्याला पोच येईपर्यंत ठरावीक मर्यादेपलीकडे माल पाठविता येत नाही. ती मर्यादा मूळ जाबत्याप्रमाणे ६५,५३५ बाइटांची धरली, तर सव्वाशे मिलिसेकंदांच्या फेरीवर सेकंदाला सुमारे सव्वापाच लक्ष बाइटच येऊ शकतात, मग वाहिनी कितीही रुंद असो. तोच सर्व्हर दहा मिलिसेकंदांवर असेल तर वेग साडेबारा पट होतो. ही मर्यादा वाढविण्याची सोय पुढे झाली खरी. तथापि प्रत्येक नव्या जोडणीची सुरुवात थोड्या मालाने होऊन पोच येईल तसतसा वेग चढत जातो, आणि वाटेत एखादा तुकडा हरवला की तो पुन्हा उतरतो, त्यामुळे लांबच्या फेरीचा भुर्दंड कमी झाला, नाहीसा झाला नाही. शेकडो लहान पॅकेजे एकामागून एक आणावयाची असतील तेव्हा तर तो पदोपदी भरावा लागतो.

मात्र जवळचा सर्व्हर म्हणजे नकाशावर जवळचा, असे समजणे चुकीचे ठरते. भारतात खासगी इंटरनेट कंपन्या सुरू झाल्या त्या काळात एकाच शहरातल्या दोन कंपन्यांची जाळी परस्परांना देशात कोठेही भेटत नसतील, तर एकीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला पाठविलेला मजकूर परदेशात जाऊन परत येत असे. देशातली ये-जा देशातच राहावी एवढ्याच हेतूने २००३ मध्ये ‘निक्सी’ हे राष्ट्रीय इंटरनेट विनिमयकेंद्र स्थापन करण्यात आले आणि मुंबईतही त्याचे नाके उघडले गेले. ज्या गावी असे नाके नाही, अथवा आहे पण आपली कंपनी तेथे जोडलेली नाही, तेथे शेजारच्या इमारतीतला मिररसुद्धा सिंगापूरइतका दूर असू शकतो. फेडोरा या वितरणाची मिररमॅनेजर नावाची व्यवस्था विचारणाऱ्याचा देश तर पाहतेच, पण त्याचे यंत्र कोणत्या जालसमूहात मोडते हेही पाहते आणि त्याच समूहात एखादा मिरर असेल तर त्याचे नाव यादीत वर घालते; भूगोल आणि जालगोल यांतला हा भेद तिच्या रचनाकारांनी अचूक हेरला आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबली तुटून भारताची पश्चिमेकडील जोडणी दुबळी झाली तेव्हा देशांतर्गत नकलांचे आणखी एक मोल ध्यानी येण्यासारखे होते: मूळ भांडाराकडे जाणारी वाट अडली तरी देशातला मिरर आपल्यापाशी आहे ते देत राहू शकतो, फक्त त्यात नवी भर पडण्यास विलंब होतो.

आता भांडाराची अंतर्रचना पाहू. डेबियनच्या प्रत्येक मिररवर दोन मुख्य निर्देशिका असतात: ‘पूल’ आणि ‘डिस्ट्स’. पहिलीत प्रत्यक्ष पॅकेजे राहतात, दुसरीत केवळ त्यांच्या सूची. पूलमध्ये आज्ञावलीच्या नावाच्या आद्याक्षराची एक शाखा, तिच्यात त्या नावाची उपशाखा, अशी मांडणी असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्याचा लोहित फॉन्ट ‘पूल / मेन / एफ / फॉन्ट्स-लोहित-देवा’ या वाटेवर सापडतो. या मांडणीला एक अपवाद आहे. इतर आज्ञावलींना साहाय्य करणाऱ्या ग्रंथालय-पॅकेजांची नावे ‘लिब’ या तीन अक्षरांनी सुरू होतात आणि ती इतकी विपुल आहेत की एका ‘एल’मध्ये ती कोंबली असती तर ती शाखा बेसुमार फुगली असती, म्हणून त्यांच्यापुरते पुढचे एक अक्षरही जमेस धरून ‘लिबए’, ‘लिबबी’, ‘लिबसी’ अशा स्वतंत्र शाखा केल्या आहेत. ही रचना २००० सालच्या अखेरीस आली. तत्पूर्वी प्रत्येक आवृत्तीचा ऐवज त्या त्या आवृत्तीच्या निर्देशिकेत असे, त्यामुळे चाचणीतली आवृत्ती पक्की म्हणून जाहीर झाली की फाइलींची जागा बदले आणि जगभरच्या मिररांना तोच माल नव्या पत्त्यावर पुन्हा उतरवून घ्यावा लागे. पूल आल्यापासून फाइल एकदा जेथे ठेवली तेथेच राहते. आवृत्ती बदलली तर बदलते ती सूची, आणि सूची लहान असते. वस्तू आणि तिची नोंद यांची ही फारकत पुढच्या सगळ्या कारभाराचा पाया आहे.

नकला ताज्या ठेवण्याचे काम आरसिंक ही आज्ञावली करते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत असताना जून १९९६ मध्ये ती प्रसिद्ध केली. अमेरिका-युरोपपासून दूर अशा खंडात ती जन्मावी हे मला स्वाभाविक वाटते, कारण लांबच्या आणि महाग वाहिन्यांचा जाच तेथील संशोधकांइतका क्वचितच कोणाला होत असेल. तिची युक्ती अशी: घेणारा आपल्याजवळच्या जुन्या फाइलीचे समान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची एक झटपट निघणारी पण कच्ची आणि एक पक्की अशी दोन गणिते करून ती पाठविणाऱ्याकडे धाडतो, पाठविणारा आपल्या नव्या फाइलीवरून एकेक बाइट पुढे सरकत, कच्चे गणित जागच्या जागी बदलत जाऊन, जुळणारे तुकडे शोधतो, आणि जे जुळले त्यांचे केवळ अनुक्रमांक व जे जुळले नाही तेवढे अक्षरशः पाठवितो. दोन्ही फाइली एका ठिकाणी कधीच नसताना त्यांतला फरक काढावयाचा, ही करामत खरोखर असामान्य आहे. तरीही हे सांगितले पाहिजे की मिररांच्या कामी तिचा हा विशेष फारसा वापरला जात नाही. पॅकेजे संपीडित असतात, संपीडित फाइलीत आरंभी एक अक्षर बदलले तरी पुढचे सारे बदलते, आणि शिवाय एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची फाइल पुन्हा बदलली जातच नाही, नवी आवृत्ती नव्या नावाने येते. मिररला आरसिंकचा खरा उपयोग होतो तो लक्षावधी फाइलींच्या याद्या भराभर ताडून काय नवे आले आणि काय काढून टाकावयाचे एवढे ठरविण्यासाठी.

मूळ भांडारात दिवसातून चार वेळा नवा माल दाखल होतो. तो झाला की मूळ सर्व्हर पहिल्या फळीतल्या मिररांना खूण करतो, ते माल उतरवून घेऊन दुसऱ्या फळीला खूण करतात, आणि याप्रमाणे ती लाट पुढे सरकत जाते. उतरवून घेण्याचा क्रम येथे फार महत्त्वाचा आहे. नवी सूची आधी आली आणि तिच्यात नोंदलेली पॅकेजे मागाहून येणार असली, तर त्या मधल्या काळात आलेला ग्राहक सूचीत आहे पण भांडारात नाही अशा वस्तूची मागणी करील आणि विन्मुख परत जाईल. म्हणून मिररांसाठी डेबियनने तयार केलेली एफटीपीसिंक ही आज्ञावली दोन फेऱ्या करते: पहिल्या फेरीत नवी पॅकेजे तेवढी येतात आणि सूचींना हातही लागत नाही, ती सगळी सुखरूप पोहोचल्यावर दुसऱ्या फेरीत सूची बदलल्या जातात, आणि अगदी शेवटी, कोणत्याच सूचीत नाव न उरलेल्या जुन्या फाइली खोडल्या जातात. येण्याचा क्रम एक आणि जाण्याचा क्रम त्याच्या बरोबर उलटा. दोन फेऱ्यांची ही तजवीज कागदावर क्षुल्लक दिसते. पण ती पाळली नाही म्हणून किती ठिकाणी अर्धवट भांडारे लोकांपुढे उघडी पडली असतील याची कल्पना, ज्याने असा सर्व्हर कधी सांभाळला आहे त्यालाच येईल.

एवढे करूनही एक फट राहिली होती. सूची एक नसते, अनेक असतात, आणि त्या सर्वांची नोंद एका मुख्य फाइलीत असते; ग्राहकाने मुख्य फाइल जुनी घेतली आणि तो पुढच्या सूचीकडे वळेपर्यंत मिररने ती सूची बदलली, तर दोहोंचा मेळ बसत नाही. डेबियन आणि त्यावर बेतलेले उबुंटू हे वितरण वापरणाऱ्या कित्येकांनी ‘हॅश सम मिसमॅच’ हा संदेश पडद्यावर पाहिला असेल, त्याचे हे नेहमीचे कारण. त्यावरचा उपाय असा निघाला की प्रत्येक सूची तिच्या नावाबरोबरच तिच्या हॅशच्या, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशाच्या, नावानेही ठेवावी, आणि जुन्या सूची काही काळ तशाच राहू द्याव्यात. म्हणजे मुख्य फाइल ज्या सूचीचा निर्देश करते नेमकी तीच सूची, मध्यंतरी बदल झाला असला तरी, मागता येते. प्रत्येक मिररवर ‘प्रोजेक्ट / ट्रेस’ नावाच्या निर्देशिकेत आपण मूळ भांडाराशी शेवटचे केव्हा जुळलो याची वेळ त्या त्या सर्व्हरने लिहून ठेवावयाची असते; ज्याची नोंद फार मागे पडली असेल त्याची नक्कल शिळी आहे, हे जगात कोणालाही बसल्या जागी पाहता येते.

आता विश्वासाचा प्रश्न. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या काही मध्यवर्ती यंत्रांत घुसखोरी झाली. मूळ भांडाराला धक्का लागला नव्हता, हे पुढच्या तपासणीत निष्पन्न झाले. परंतु ती तपासणी कष्टाने, माणसांनी करावी लागली, कारण पॅकेजे आणणारी अ‍ॅप्ट ही आज्ञावली त्या वेळी मिळालेल्या मालाची सत्यता आपण होऊन पाहत नसे. ही त्रुटी एप्रिल २००७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत दूर झाली, आणि तेव्हापासून चालत आलेली रीत येणेप्रमाणे आहे. प्रत्येक पॅकेजाचा एक हॅश काढला जातो. शा या गणिताच्या २५६ बिटी प्रकारात तो चौसष्ट चिन्हांचा असतो, आणि पॅकेजात एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी तो पार बदलतो. सर्व पॅकेजांचे हॅश सूचीत, सर्व सूचींचे हॅश ‘इनरिलीज’ नावाच्या मुख्य फाइलीत, आणि त्या एका फाइलीवर डेबियनच्या खासगी किल्लीने केलेली डिजिटल स्वाक्षरी. ग्राहकाच्या संगणकात डेबियनची सार्वजनिक किल्ली आधीपासून असते. तीवरून स्वाक्षरी पडताळली, की मुख्य फाइलीवरून सूची, सूचीवरून पॅकेज, अशी साखळी कडीकडीने तपासली जाते. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात पत्र घेऊन येणारा जासूद कोण यावर त्याचा खरेपणा ठरत नसे. माथ्याचा शिक्का, मजकूर संपल्यावर मागाहून काही घुसडता येऊ नये म्हणून केलेली मोर्तब, आणि कागदाचे बंद एकास एक जोडून पत्र लांब केलेले असेल तर त्या जोडांवर उमटविलेली मुद्रा, यांवर तो ठरे. डेबियनच्या साखळीतले हॅश हे नेमके त्या जोडांवरच्या मुद्रांचे काम करतात. म्हणूनच मिरर चालविणाऱ्याची चौकशी कोणी करीत बसत नाही, आणि शेकडो अनोळखी हातांतून गेलेला माल अस्सल ठरतो.

तथापि स्वाक्षरी असली म्हणजे सगळे निर्वेध झाले असे मानता येत नाही. मजकूर बदलता येत नसला तरी तो अडवून ठेवता येतो. आज ज्या आज्ञावलीतली एखादी धोक्याची फट बुजविली गेली, तिची महिन्यापूर्वीची सूची महिन्यापूर्वीच्या रीतसर स्वाक्षरीसह एखाद्या मिररने पुढे केली, तर स्वाक्षरी खरी, हॅश खरे, आणि ग्राहक मात्र फटीसह उघडा. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा धोका प्रयोगाने दाखवून दिला. त्यांनी एका काल्पनिक व्यवस्थापकाच्या नावे मिरर उभारून तो नामांकित वितरणांच्या अधिकृत याद्यांत दाखल करवून घेतला, आणि असंख्य यंत्रे त्याच्याकडे मागणी घेऊन आली. यावर तोड म्हणून ज्या विभागांत वरचेवर बदल होतात त्यांच्या मुख्य फाइलीवर आता मुदत लिहिलेली असते. मुदत उलटलेली फाइल अ‍ॅप्ट स्वीकारीत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी तर डेबियनने स्वतंत्र सर्व्हर राखले असून, त्या विभागाचे मिरर इतरांनी उभारू नयेत असाच त्याचा सल्ला आहे, कारण तेथे काही तासांचा विलंबदेखील परवडत नाही.

एक वाद या क्षेत्रात वर्षानुवर्षे चालत आला आहे: पॅकेजे उघड्या एचटीटीपी वाहिनीने आणावीत की गुप्त अशा एचटीटीपीएस वाहिनीने. उघड्या वाहिनीच्या बाजूने बोलणारे म्हणत की स्वाक्षरी मालावर आहे, मग वाट बंदिस्त करण्याचे प्रयोजन काय. आणि उघड्या वाटेचा एक मोठा लाभही आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पन्नास यंत्रे असतील तर मधल्या एका यंत्राला आलेले पॅकेज जपून ठेवता येते आणि उरलेल्या एकोणपन्नासांना ते बाहेर न जाता मिळते. ज्या ठिकाणी इंटरनेटची जोडणी बेताची आहे तेथे ही सोय मोठीच आहे. परंतु जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅप्टमध्येच एक दोष सापडला: सर्व्हरने ‘ही फाइल अन्यत्र आहे’ असे सांगितल्यावर त्या उत्तराची छाननी नीट होत नसल्यामुळे, वाटेतला कोणी किंवा बिघडलेला मिरर पडताळणीलाच फसवू शकत होता. मालावरच्या मोर्तबीची तत्त्वे निर्दोष असली तरी ती पडताळणारी आज्ञावली माणसांनीच लिहिलेली असते. तेव्हा जेथे शक्य आहे तेथे वाटही बंदिस्त असावी, या मताकडे माझा कल आहे.

आणि मोर्तब स्वतःच्या मर्यादेपलीकडचे काही सांगत नाही. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या डेबियन यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा अंमळ अधिक वेळ लागतो असे आढळले, त्याने त्याचा छडा लावला, आणि एक्सझेड या संपीडनाच्या आज्ञावलीत कोणी दीर्घकाळ विश्वास संपादन करून चोरवाट पेरून ठेवली असल्याचे उघडकीस आले. ती सदोष पॅकेजे डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत पोहोचली नव्हती. पण विकासाधीन विभागांत ती आली होती आणि जगभरच्या मिररांनी ती स्वाक्षरीसह, बिनचूक वाटली होती. मिररांकडून यात काहीही प्रमाद घडला नव्हता. माल डेबियनकडूनच आला आहे एवढेच ती साखळी सांगते. डेबियनच्या दारी येण्याआधी तो कोणाच्या हातून गेला, याची जबाबदारी माणसांच्या दक्षतेवरच राहते.

अलीकडे ही सारी रचना एका नव्या वळणावर आली आहे. पूर्वी ग्राहकाने देशानुसार मिररचे नाव निवडावयाचे असे. आता नव्या डेबियनमध्ये एकच सर्वसाधारण पत्ता दिला जातो आणि त्यामागे व्यापारी वितरणजाळी उभी असतात, ज्यांची यंत्रे जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि जी डेबियनला ही सेवा देणगी म्हणून देतात. वेगाच्या दृष्टीने यात तक्रारीला जागा नाही. एफटीपीची दालने तर डेबियनने १ नोव्हेंबर २०१७ रोजी बंदच केली, कारण मालाचा मधल्या मध्ये साठा करण्याची सोय त्या जाबत्यात नव्हती आणि आजच्या संरक्षक भिंतींशी त्याचे जुळत नव्हते. परंतु ज्या भांडाराचा कारभार शेकडो स्वतंत्र संस्थांत विभागलेला होता तो एक-दोन कंपन्यांच्या औदार्यावर एकवटावा, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. देणगी ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी भार उचलण्यास स्वयंसेवी मिरर जागच्या जागी असले पाहिजेत. स्वीडनच्या उत्तर भागात ऊमिओ विद्यापीठात विद्यार्थ्यांनी चालविलेला एक संगणक-संघ आहे. डेबियनच्या स्थापनेच्या तबकड्यांच्या अधिकृत प्रतिमा आजही त्या विद्यार्थ्यांच्या सर्व्हरांवरून जगाला मिळतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला यापेक्षा चांगला धडा कोणता हवा? ज्या लोहित फॉन्टपासून या लेखाला आरंभ केला त्याची जोपासना रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी बराच काळ केली आहे, म्हणजे वस्तू घडविण्यात आपला हात आहेच. ती वाटण्यातही असावयास हवा.

त्यासाठी लागणारे साहित्य काही अपूर्व नाही. काही टेराबाइटांची डिस्क, अखंड वीज, मर्यादेचा मीटर नसलेली जोडणी, आणि एफटीपीसिंक चालवून तिच्या नोंदी अधूनमधून वाचणारे दोन-तीन मनापासूनचे विद्यार्थी असले की पुरे; सर्व जातींच्या प्रोसेसरांचा ऐवज ठेवावयास जागा नसेल तर भोवताली जी यंत्रे वापरात आहेत तेवढ्यांपुरती नक्कल ठेवण्याचीही मुभा आहे. पहिली नक्कल उतरवून घेण्यास जोडणीच्या मानाने दिवस लागतात, म्हणून ती शक्य तर देशातल्याच एखाद्या मिररकडून घ्यावी. त्यानंतर दर खेपेस येतो तो केवळ नवा माल. आठ-पंधरा दिवस नकलेची वेळ मूळ भांडाराच्या वेळेशी जुळत राहिली, म्हणजे डेबियनच्या मिरर-व्यवस्थापकांकडे नाव, ठिकाण आणि संपर्क कळवावा, आणि त्यांनी तपासणी करून तो सर्व्हर यादीत घातला की आसपासच्या गावांतल्या यंत्रांना तो वापरता येऊ लागतो.